सातवं प्रकरण

ॲशबी फॉल्स, मिनेसोटा
१४ नोव्हेंबर १९९४

डॉ. मॅस्लो यांस,

आज सोमवार. सकाळी थोडा बर्फ पडला, अकरापर्यंत वितळून गेला. दंतवैद्याच्या दवाखान्यातून फोन आला, वेंडेलची डिसेंबरमधली वेळ पक्की करायची का असं विचारत होते. मी ती रद्द केली. दुपारी पायऱ्यांवर मीठ टाकलं. टपालात तीन पत्रं होती, त्यांतलं एक तुमचं.

पत्राबद्दल आभारी आहे. नीट लिहिलेलं आहे. तुम्ही वेंडेलच्या अंत्यविधीला आलात, शेवटच्या बाकावर बसलात आणि चर्चच्या तळघरात जेवणाला न थांबता गेलात, हे मी पाहिलं होतं. वेंडेलची बहीण डॅग्नी मला विचारत होती, ती करड्या कोटातली बाई कोण. मी म्हटलं, त्याची जुनी विद्यार्थिनी. डॅग्नी म्हणाली, "विद्यार्थिनी इतकं रडत नाहीत गं." मी तिला हॅमची सँडविचं वाढायला पाठवलं.

तुम्ही वेंडेलच्या नोंदींची कार्डं पाहायला मागितली आहेत. ते जमणार नाही. ती अजून लावलेली नाहीत, आणि त्याचं अक्षर इतरांना वाचता येत नाही. तुम्हाला येत होतं हे मला माहीत आहे. पण सहा वर्षांत अक्षर बदलतं.

सहा वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हता. का, ते मी सांगायला नको. ॲल्डन थ्रस्टनवरचं पुस्तक वेंडेलने अकरा वर्षं खपून लिहिलं. सगळं परराष्ट्र खातं व्हिएतनामला फौजा पाठवायला उठलेलं असताना या एका उपमंत्र्याने राष्ट्राध्यक्षांना पाच पानी टिपण दिलं की पाठवू नका. ते टिपण म्हणजे सातवं प्रकरण, आणि सातवं प्रकरण म्हणजे ते पुस्तक. अठ्ठ्याऐंशी साली शिकागोच्या इतिहास परिषदेत तुम्ही उभ्या राहून वाचलंत की हे टिपण राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचलंच नसावं. वेंडेल तिसऱ्या रांगेत बसला होता. घरी आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "कोरिन आता बोलते छान." मग बॅग न उघडता झोपला.

त्यामुळे कार्डांचा विषय आपण इथेच थांबवू.

लॉर्ना हेडस्ट्रॉम


१२ डिसेंबर १९९४

डॉ. मॅस्लो यांस,

प्रकाशकांचं पत्र मिळालं, तुमचंही मिळालं. टिपणाला तीस वर्षं होतील म्हणून ते पुस्तकाची नवी आवृत्ती काढत आहेत आणि प्रस्तावना तुम्ही लिहावी असं त्यांना वाटतं. माझी संमती लागते म्हणून मला विचारलं आहे. दुसरं नाव सुचवायला मी दोन दिवस घेतले. वेंडेलचे मित्र बहुतेक वारले आहेत किंवा फ्लोरिडाला गेले आहेत. इथे राहिलेला एकच, गस टिलमन, तो मध्ययुगीन फ्रान्सच्या इतिहासाचा माणूस. त्याला विचारलं तर म्हणाला, "लॉर्ना, माझे सगळे राजे घोड्यावरून पडून मेले. टिपणं लिहिणाऱ्यांबद्दल मला काय कळतंय?"

तेव्हा प्रस्तावना तुम्हीच लिहा. अट एकच. सातव्या प्रकरणाबद्दल शंका घ्यायची नाही. शंका तुम्ही शिकागोला घेऊन झाली आहे.

थ्रस्टनची कागदपत्रं ज्या लायब्ररीत आहेत तिकडून वेंडेलच्या नावाने काही आलं का, असं तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं आहे. तुमच्या मनात काय आहे ते मला समजतं. मी नुसती त्याची बायको असले तरी या घरात छत्तीस वर्षं राहिले आहे. थ्रस्टनच्या एका फायलीत कागदाच्या जागी गुलाबी चिठ्ठी होती, 'गोपनीय म्हणून काढला आहे' अशी. तो कागद खुला करावा म्हणून वेंडेलने शहाऐंशी साली अर्ज केला आणि दर जानेवारीत आठवणीचं पत्र पाठवलं. आठही पत्रं मीच पोस्टात टाकली.

त्याच्या नावाने अजून बरंच टपाल येतं. बियाण्यांचे कॅटलॉग, वर्गण्यांच्या सूचना, कुठल्या कुठल्या संस्थांची पाकिटं. तुमच्या कामाचं त्यात काही नाही.

इथे थंडी पडली आहे. नदी काठाने गोठली.

लॉर्ना हेडस्ट्रॉम


२९ जानेवारी १९९५

डॉ. मॅस्लो यांस,

गेल्या रविवारी तुम्ही फोन केलात तेव्हा मी नीट बोलले नाही. सवय नाही. रविवारी चार वाजता या घरातला फोन वाजला की मी उचलत नसे. तो वेंडेलसाठी असे.

तुम्ही विचारलंत, "सातव्या प्रकरणाबद्दल तुम्हाला मला काही सांगायचंय का?" मी नाही म्हटलं. मग तुम्ही बराच वेळ गप्प राहिलात, आणि मीही. दूरच्या फोनवर इतकं गप्प कुणी राहत नाही. फोन ठेवल्यावर मी उगाच चिडले. आठवडाभर तो राग गेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात ते चौऱ्याहत्तर साली. चोवीस वर्षांच्या होतात. दर गुरुवारी जेवायला यायचात. ताटात काय आहे ते न बघता जेवायचात, एका हातात काटा आणि दुसऱ्या हाताने वेंडेलचं बोलणं तोडत. कुठल्या परराष्ट्रमंत्र्याने कुणाला तार केली आणि ती खरी होती का देखाव्याची, यावर तुमचं भांडण. मी भांडी घासताना ऐकत असे. मधूनच वेंडेल हाक मारायचा, "लॉर्ना, ऐक ही काय म्हणतेय ते." मी हात पुसत दारात येऊन ऐकायचे. मग परत आत जायचे. तुला काय वाटतं, असं त्याने विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी बाई. मला काही वाटत असेल असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं.

नंतर तुम्हाला मेरीलंडला नोकरी लागली आणि रविवारचे फोन सुरू झाले. तो फोन घेऊन फडताळाच्या खोलीत जायचा आणि वायरीवर दार जेवढं लागेल तेवढं लावून घ्यायचा. हसण्याचा आवाज यायचा. बाहेर आला की मला विचारायचा, पन्हाळी साफ करायला माणूस कधी येणार आहे.

मला तसला संशय कधी आला नाही. तो आला असता तर सोपं झालं असतं. तशा बाबतीत बायकोने काय करायचं हे लोकांना माहीत असतं, बहिणी येतात, वकील असतात. नवरा दुसऱ्या बाईशी १९६५ सालाबद्दल बोलतो, याची तक्रार कुणाकडे करायची?

परवा गसशी यावर बोलणं निघालं. म्हणजे मी काढलं नाही, त्यानेच काढलं. मी अट घालून तुमची प्रस्तावना अडवून धरली आहे हे त्याला प्रकाशकाकडून कळलं होतं. तो म्हणाला, "तुला तिचा राग कशाचा येतो सांगू? ती त्याच्याशी भांडली. तू कधी भांडलीस?" मी त्याला कॉफी अर्धी टाकून घरी पाठवलं.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला माहीत असणार. वेंडेलच्या पुस्तकांच्या सूची मी करत असे. छापखान्यातून पानं आली की जेवणाचं टेबल तीन आठवडे माझं असे. एकेक नाव, एकेक कार्ड, त्यावर पानांचे आकडे. चौऱ्याऐंशीच्या पुस्तकात त्याने तुमच्या लेखाची चर्चा केली होती. पान दोनशे अकरा, दोनशे बारा आणि दोनशे चाळीस. तुमचं कार्ड मी केलं होतं. छापायला पाठवायच्या दिवशी ते काढून घेतलं.

तुमच्या धंद्यातले लोक पुस्तक हातात आलं की आधी सूची उघडतात आणि स्वतःचं नाव शोधतात, हे मी इतक्या वर्षांत बघितलं आहे. तुम्हीही शोधलं असणार. त्या महिन्यातल्या कुठल्याच रविवारी तुम्ही ते काढलं नाहीत, निदान वेंडेल तसं म्हणाला नाही. त्याने मात्र पहिली प्रत आली तेव्हा मॅस्लो असायला हवं तिथे बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. त्यानंतर त्याचं आणखी एक पुस्तक झालं. त्याची सूची त्याने प्रकाशकाला करायला सांगितली.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे कळत नाही. क्षमा मागायला नव्हे.

लॉर्ना हेडस्ट्रॉम


५ मार्च १९९५

कोरिन,

आता मला तुम्ही म्हणवत नाही. चौऱ्याहत्तर साली तू म्हणत होते, तेच बरं.

लायब्ररीचं पाकीट आलं होतं. अंत्यविधीनंतर नवव्या दिवशी, एकतीस ऑक्टोबरला. तुझं पहिलं पत्र यायच्या आधी. मी ते उघडलं, वाचलं आणि स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यांच्या मागे ठेवलं. डिसेंबरात तुला लिहिलं ते खोटं होतं.

वेंडेलने ते टिपण कार्बन प्रतीवरून छापलं होतं हे तुला माहीत आहे. कार्बनवर सही नसते. गेलं की नाही हे कार्बन सांगत नाही. थ्रस्टनने त्याला मेन राज्यातल्या आपल्या घराच्या ओसरीवर बसून सांगितलं की मी राष्ट्राध्यक्षांना हे सगळं मांडलं, आणि वेंडेलने ते खरं धरलं. मीही होते त्या वेळी. म्हातारा फार गोड माणूस होता. वेंडेलने टिपण मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. परतताना गाडीत वेंडेल म्हणाला, असा माणूस या देशात एक तरी होता हे लिहायला मिळालं म्हणजे मिळवली.

पाकिटात मूळ कागदांची छायाप्रत आहे. पाची पानं, थ्रस्टनची सही. पहिल्या पानाला टाचलेली एक बारकी चिठ्ठी आहे, त्याच्याच हातची. 'आज नको. वेळ बघून देईन.' खाली तारीख. टिपण त्याच्या खणातून बाहेर पडलंच नाही.

तर तू बरोबर होतीस. घे.

पण हे लिहायचं कारण ते नाही. काल मी आयकराचे कागद शोधायला त्याच्या अभ्यासिकेतलं खालचं कपाट उघडलं. तिथे बुटांचे दोन खोके होते, बांधलेले. आत कार्डं. पहिलं कार्ड शिकागोहून आल्यानंतर चौथ्या दिवसाचं. शेवटचं गेल्या ऑगस्टमधलं. सगळी सातव्या प्रकरणावर. आणि प्रत्येक कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात तुझ्या नावाचं पहिलं अक्षर, भोवती गोल. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

'ही विचारेल की पोच कुठे आहे.' 'हिला हे पटणार नाही, बरोबरच आहे.' 'हिचं म्हणणं खरं असेल तर प्रकरण उलटं लिहावं लागेल. नाही म्हणणारा माणूस नव्हे, नाही लिहून ठेवणारा.'

सहा वर्षं त्याने या घरात तुझं नाव काढलं नाही. मला वाटलं ते संपलं. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. संध्याकाळी तो अभ्यासिकेत असायचा, मी बाहेर विणत बसायचे, आणि मला वाटायचं आता आपण दोघंच आहोत. आणि तो आत तुझ्याशी बोलत होता.

ही कार्डं मी परसातल्या पिंपात जाळणार आहे. त्याच्या नोंदी कुणाला द्यायच्या हे ठरवायचा हक्क मला आहे. पाकीट हवं तर ने. ते तुझंच आहे. पण कार्डं त्याची आहेत, आणि तो माझा नवरा होता.

लॉर्ना


२ एप्रिल १९९५

कोरिन,

फोनवर जे झालं ते लिहून काढते आहे. बोलताना मी फार कमी बोलले आणि नंतर काय काय बोललं गेलं याबद्दल माझीच खात्री होईना.

पत्र मिळाल्याबरोबर तू फोन केलास. मला वाटलं कार्डांसाठी. तू म्हणालीस, "मिसेस हेडस्ट्रॉम, मी तो कागद सहा डिसेंबरला वाचला."

मी विचारलं, कुठे.

"लायब्ररीत. कागद खुला झाला की चिठ्ठी काढून तो फायलीत परत ठेवतात. अर्जदाराला फक्त प्रत येते. ती फाइल आता कुणीही मागू शकतं."

इतकी वर्षं या घरात राहून हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं की ते पाकीट म्हणजेच तो कागद. आमच्या प्रयोगशाळेत एका नमुन्याचा एकच अहवाल निघायचा आणि तो ज्याच्या हातात त्याच्याकडे. मी पाच महिने पातेल्यांच्या मागे अशी गोष्ट दडवून ठेवली जी तिकडे टेबलावर मागवून कुणीही वाचावी.

मग तू थांबलीस कशाला, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "तुम्ही सांगाल म्हणून."

म्हणजे माझ्या डिसेंबरच्या पत्रात मी लायब्ररीकडून काही आलं नाही असं लिहिलं तेव्हा तू ते वाचून हसली असशील, असं मला आधी वाटलं. मग आठवलं की जानेवारीत फोनवर तू किती वेळ गप्प होतीस. तू हसली नसणार. तू मला संधी देत होतीस. कोरिन, तुझं बरोबर असणं मी सहन केलं असतं. तू वर माझ्याशी चांगली वागलीस, हे जास्त अवघड आहे. त्याची मला अजून सवय झालेली नाही.

पुढचं तू सावकाश सांगितलंस, वर्गात सांगतात तसं. प्रस्तावना एक मेच्या आत छापखान्यात जायला हवी. टिपण पाठवलं गेलं नाही हे तुला त्यात लिहावंच लागेल. माझी अट असो वा नसो. संमती नाही दिली तर तू प्रस्तावना सोडून देशील आणि दुसरीकडे लेख लिहिशील. "मी नाही लिहिलं तर पुढच्या वर्षी कुणीतरी पोरगा ती फाइल मागवेल, आणि त्यांना भोळे म्हणेल. मला ते नकोय." आणि मग म्हणालीस, "त्यांना स्वतःला कळलं होतं की नाही, एवढंच मला माहीत नव्हतं. तुमच्या पत्रावरून दिसतंय की कळलं होतं. पण ते पुराव्याने सांगायला माझ्याकडे काही नाही. तुमच्याकडे आहे."

मी जाळली असं मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, "बरं." रागावलीही नाहीस.

मी जाळलेली नाहीत. तेवढंच सांगायला हे पत्र.

लॉर्ना


२४ एप्रिल १९९५

कोरिन,

दोन्ही खोके आज सकाळी पोस्टात दिले. पोच देणारी पावती मागून घेतली. बुधवारपर्यंत मिळतील असं खिडकीवरची बाई म्हणाली. पाकीटही आत आहे. त्यात एक सही केलेला कागद आहे, ती प्रकाशकाला माझी संमती आहे, कुठल्याही अटीशिवाय.

तुझ्या फोननंतर काय झालं ते तुला कळलं पाहिजे. एवढं देते आहे तर तेही देते.

तुला जाळली म्हणून सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खरंच एक खोका परसात नेला. वारा होता. पिंपाशी उभी राहिले आणि नुसती वरची चार कार्डं टाकायची म्हणून हातात घेतली. वरचंच ऑगस्टचं होतं, शेवटचं. त्यावर लिहिलं होतं, 'हिला फोन करायला हवा. चूक माझी, हिने आधी पाहिली, हे छापून सांगायला हवं. कामगार दिनानंतर करीन.' कामगार दिन पाच सप्टेंबरला होता. तो अठरा ऑक्टोबरला कॉलेजच्या गाड्या लावायच्या जागेत पडला आणि तिथेच गेला. मधल्या सहा आठवड्यांत त्याने गवत कापलं, मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, दोन समित्यांच्या बैठका केल्या. फोन केला नाही. असं का, ते मला विचारू नकोस. मला तो जसा माहीत होता तसा तो होता. कठीण गोष्ट करायची ठरवली की त्याला ती केल्यासारखंच वाटायचं.

खोका आत आणला. गसला फोन करून बोलावलं आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. त्याने टोपी काढली नाही, तसाच बसून ऐकलं. मग म्हणाला, "कार्डं ठेवलीस तर वेंडेल चुकला आणि त्याच्या विद्यार्थिनीने त्याला पकडलं. कार्डं दिलीस तर वेंडेल चुकला आणि त्याने स्वतः शोधून काढलं. यात तुला विचार कसला करायचाय?"

मी म्हटलं, कार्डं दिली तर सगळ्यांना दिसेल तो कुणाशी बोलत होता.

गस म्हणाला, "हो. ते दिसेल." त्याने दुसरं काही समजावलं नाही म्हणून मी त्याला जेवायला ठेवून घेतलं.

त्यानंतर मी सगळी कार्डं वाचली. रोज सकाळी थोडी, न्याहारीनंतर. तुला ती पाठवायची म्हणून नव्हे. मी एक गोष्ट शोधत होते. ती अजून कुणाला सांगितलेली नाही, गसलाही नाही.

अठ्ठ्याहत्तर साली थ्रस्टनच्या पुस्तकाची पानं आली आणि मी सूची करत होते. सातवं प्रकरण वाचून झाल्यावर मी वेंडेलला विचारलं, यावर पोचल्याचा शिक्का कुठे आहे? आमच्याकडे नमुना घेतल्याची नोंद वेगळी आणि तो पोचल्याची वेगळी असायची. घेतलेला नमुना वाटेत राहिला असं आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. वेंडेल हसला. रागाने नव्हे, प्रेमानेच हसला. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "लॉर्ना, हे रक्त नाही." मीही हसले. आणि पुढच्या नावाचं कार्ड घेतलं.

दहा वर्षांनी तू शिकागोला उभी राहून तेच विचारलंस. त्याने तुझ्याशी बोलणं सोडलं आणि सहा वर्षं त्यावर कार्डं लिहिली. मी विचारलं तेव्हा त्याला सहा वर्षं लागली नाहीत. सहा मिनिटंही लागली नाहीत.

तेव्हा मी कार्डांवर माझ्या नावाचं अक्षर शोधत होते. एकदा तरी त्याला आठवलं असेल, असं मला वाटलं. बाराव्या दिवशी कार्डं संपली. नाहीये. पोचल्याच्या शिक्क्याचा विषय एकोणीस कार्डांवर आहे आणि एकोणीसच्या एकोणीस कार्डांवर तूच आहेस.

हे प्रस्तावनेत लिहू नकोस. खाली टीपेतही नको, आणि शेवटी आभारात तर मुळीच नको. तुम्ही लोक आभारात बायकांना कसं घालता ते मी चार पुस्तकांत वाचलं आहे. तुला फक्त माहीत असावं. तू त्याचं काम करताना एकीला तरी हे माहीत असावं, एवढंच.

मला तुझा हेवा वाटतो. वाटायचा नव्हे, वाटतो. कार्डं बांधताना वाटत होता, पोस्टात रांगेत उभी होते तेव्हाही वाटत होता. मला वाटलं होतं खोके हातातून सुटले की कमी होईल. अजून तरी तसं झालेलं नाही. पण वेंडेल चुकला आणि त्याने स्वतः ते शोधलं हे लोकांना कळायला हवं, आणि ते तूच नीट लिहू शकशील. तू त्याच्याबद्दल वाईट लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे. तू भोळाही म्हणणार नाहीस त्याला, फार थोरही म्हणणार नाहीस. माझ्याच्याने ते झालं नसतं.

काही कार्डांवर कॉफीचे डाग आहेत, ते त्याचे. एकशे चाळीसच्या आसपास दोन कार्डांची शाई पसरली आहे, ती माझ्या हाताने. तिथलं अक्षर लागलं नाही तर फोन कर. रविवारी कर, चारला. मी उचलीन.

पोस्टातून परत आले तेव्हा साडेदहा वाजले होते. कोट काढताना वरचं बटण हातात आलं. शिवणाचा डबा काढला, काळा दोरा नव्हता, गडद निळा होता, तो ओवला आणि खिडकीशी बसून बटण लावलं.

लॉर्ना